बाळंतपण, वर्णभेद आणि जात: एका फिरत्या नाट्यसंचाच्या दोन प्रयोगांविषयी

प्रसूतिशास्त्र शिकवताना ‘रुग्णाशी आदराने वागावे’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि विद्यार्थिनी ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न येतो आणि बहुतेकींना त्यात चार गुण मिळतात. त्याच विद्यार्थिनी प्रसूतिगृहात ड्यूटीवर असताना, समोरच्या बाईचे आडनाव आणि वस्ती कळल्यानंतर त्यांच्या आवाजात जो बदल होतो, तो मी कित्येकदा ऐकला आहे; त्यावर बोट ठेवणारे प्रकरण आमच्या पाठ्यपुस्तकात नाही, आणि खरे सांगायचे तर ते व्याख्यानातून कसे शिकवावे हे मला कधी सुचलेही नाही. म्हणून मराठवाड्यात फिरणारा सात जणांचा एक नाट्यसंच बाळंतपण आणि भेदभाव या विषयावर प्रयोग करतो असे एका सहकारी शिक्षिकेकडून समजले, तेव्हा आम्ही त्यांना दोन दिवसांसाठी बोलावले.

गेल्या ऑक्टोबरमध्ये, ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडण्याच्या आधी, हे दोन प्रयोग झाले. पहिला आमच्या नर्सिंग महाविद्यालयाच्या सभागृहात, अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनी आणि आसपासच्या उपकेंद्रांतील काही एएनएम (साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका) सिस्टर आणि आशाताई यांच्यासमोर; दुसरा बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातील एका गावात, जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात. संचाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या मी त्यांच्याशी समोरासमोर बोलले आहे आणि त्यांवर त्यांचे काम सुरू आहे. तरीही एखादे महाविद्यालय, पंचायत समिती किंवा महिला बचत गटांचा संघ अशा संचाला बोलावण्याचा विचार करत असेल, तर काय मिळते आणि कशाची काळजी घ्यावी लागते हे त्यांना आधी कळलेले बरे.

संच रंगमंच मागत नाही. त्यांना सतरंजीभोवती गोल करून बसलेले प्रेक्षक लागतात, आणि साठांपेक्षा जास्त माणसे नकोत असे ते आधीच सांगतात. नेपथ्य म्हणाल तर एक लाकडी बाक, एक पांढरे कापड, केसपेपरांचा गठ्ठा आणि एक हलगी. मानधन आम्हाला परवडण्यासारखे होते. प्रवास, जेवण आणि मुक्काम आमच्याकडे होता. प्रयोगाची वेळ त्यांनी दीड तास सांगितली होती, प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी अडीच तास लागले. ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे अशा आशाताईंना बोलावताना हे लक्षात ठेवावे.

सुरुवात मुक्ता साळवे यांच्या निबंधाने होते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, अवघ्या चौदा वर्षांच्या या मातंग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले आणि त्यात आपल्या स्त्रियांच्या बाळंतपणाचा प्रश्न स्पष्टपणे मांडला: घरावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बाईचे काय होत असेल, आणि तिला बाळंतरोग झालाच तर औषधाला आणि वैद्याला पैसा कोठून येणार. मी इतकी वर्षे बाळंतपण शिकवते, परंतु हा मजकूर वर्गात वाचून दाखवावा असे मला कधी वाटले नव्हते. याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, आणि त्यातही एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे. म्हणजे जात, बाळंतपण आणि नाटक हे तिन्ही मराठीत एकत्र येऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. संचाने या नाटकाचा उल्लेख केला नाही. तो करावा असे मी त्यांना सुचवले आहे.

निबंधानंतर एक अभिनेत्री प्रेक्षकांमध्ये येते आणि एका विद्यार्थिनीच्या हातात स्टीलचे एक उपकरण ठेवते. दोन्ही टोकांना वळलेल्या पात्याचे हे उपकरण आमच्या प्रत्येक विद्यार्थिनीने धुतलेले, उकळलेले आणि ट्रेमध्ये मांडलेले असते. “याचं नाव काय?” असे तिने विचारले. विद्यार्थिनीने तोंडी परीक्षेत द्यावे तसे झटकन उत्तर दिले, “सिम्स स्पेक्युलम.” अभिनेत्रीने पुढचा प्रश्न विचारला, “हा सिम्स कोणाच्या अंगावर शिकला?” सभागृहात कोणालाही उत्तर माहीत नव्हते, आणि त्या ‘कोणालाही’मध्ये मीही होते.

उत्तर पुढच्या प्रवेशात आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी येथे, १८४५ ते १८४९ या काळात जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. लांबलेल्या, अडलेल्या बाळंतपणामुळे मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडून सतत लघवी गळत राहणे, ज्याला आपण फिस्टुला म्हणतो, त्यावर तो उपाय शोधत होता. १८४६ मध्ये इथरची भूल जगासमोर आलेली असतानाही त्याने या स्त्रियांना भूल दिली नाही. त्याच्या लिखाणातून त्यांपैकी अनार्का, ल्युसी आणि बेट्सी ही तीनच नावे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत, आणि एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. संच हे दाखवताना रक्त दाखवत नाही, कोणी किंचाळत नाही. दोन अभिनेत्री पांढऱ्या कापडाची एकेक घडी घालतात, हलगीवर एकेक ठोका पडतो आणि तिसरी अभिनेत्री एक, दोन, तीन असे मोजत जाते. एकोणीसवर हलगी थांबते. मोजणे मात्र तिसापर्यंत कोरड्या आवाजात सुरू राहते, आणि शेवटी ते मोठे कापड तळहातावर मावेल एवढे झालेले असते. माझ्या शेजारी बसलेली एएनएम सिस्टर पंचविसानंतर हातातल्या रुमालाची घडी घालत होती आणि तिला त्याचे भान नव्हते.

सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून २०१८ साली हलवण्यात आला आणि २०२१ मध्ये माँटगोमेरीतच त्या तिघींची धातूची भव्य शिल्पे उभी राहिली, एवढे सांगून संच तो इतिहास संपवतो आणि लगेच आजच्या अमेरिकेत येतो. मला हा भाग सर्वांत विचारपूर्वक रचलेला वाटला. एरवी आपण परदेशातील वर्णभेदाकडे लांबची गोष्ट म्हणून पाहतो आणि मनातल्या मनात सुटतो. येथे तसे सुटता येत नाही, कारण संच पैशाचा प्रश्न आधीच बाजूला काढून ठेवतो. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेने मुलीला जन्म दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना श्वास लागू लागला. फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा त्रास त्यांना पूर्वी झालेला होता, त्यामुळे सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारे औषध सुरू करा, असे त्यांनी स्वतः सांगितले. तेव्हा वेदनाशामक औषधांमुळे त्यांचा गोंधळ झाला असावा असे नर्सला वाटले, आणि आधी पायांची सोनोग्राफी करण्यात आली. अखेर स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. जगातील सर्वांत नामवंत आणि श्रीमंत खेळाडूंपैकी एक असलेल्या बाईला आपल्या शरीराविषयीचे म्हणणे दोनदा सांगावे लागले.

आकडे सूत्रधार मोजकेच देतो आणि बरोबर ठिकाणी देतो. अमेरिकेत २०२१ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ६९.९ होते आणि गोऱ्या मातांचे २६.६. २०२३ मध्ये दोन्ही आकडे खाली आले, ५०.३ आणि १४.५, पण दोहोंमधील पट वाढली. २००७ ते २०१६ या काळात तेथील पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा गरोदरपणाशी निगडित मृत्युदर पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या पाचपटीहून अधिक होता. शिक्षणाने आणि पैशाने हे अंतर भरून निघत नाही, हे या एका आकड्यातून विद्यार्थिनींना नीट समजले. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील एका अभ्यासात जवळपास निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीची किमान एक खोटी समजूत खरी वाटत होती. त्यांची कातडी जाड असते, ही त्यांपैकी एक. ‘त्या बायकांना सवय असते’ हे वाक्य आमच्या वॉर्डात मी कोणाकोणाविषयी ऐकले आहे, ते येथे लिहिण्याची गरज नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकीला ते ठाऊक आहे.

यानंतर सूत्रधार प्रेक्षकांना विचारतो की आपल्याकडचा असा आकडा कोणाला सांगता येईल का. २०१८-२० या काळात भारताचा माता मृत्युदर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ आणि महाराष्ट्राचा ३३ होता, हे एका विद्यार्थिनीने बरोबर सांगितले, आणि राज्याची ही कामगिरी चांगलीच आहे. मात्र नमुना नोंदणी पद्धतीतील हा दर राज्यांनुसार मिळतो, जातींनुसार मिळत नाही. अमेरिकेत निदान मोजणी तरी वर्णानुसार होते, म्हणून तिथली बाई आकडा पुढे करून भांडू शकते. आमच्याकडे तेवढेही नाही, हा मुद्दा सूत्रधाराने एका वाक्यात मांडला आणि तो पुढे गेला. माझ्या मते येथे त्याने आणखी थांबायला हवे होते.

दुसरा भाग आपल्याकडचा आहे आणि त्याची मांडणी सहभागी नाट्याची आहे. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात रुजवलेली ही पद्धत भारतात, विशेषतः पश्चिम बंगालमध्ये, १९८०च्या दशकापासून खेड्यापाड्यांत वापरली जाते. अन्याय होतो आणि गोष्ट वाईट शेवटाला जाते, असा प्रसंग आधी पूर्ण करून दाखवायचा. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा. या वेळी प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून आत यायचे, अन्याय सोसणाऱ्याची किंवा तिच्या बाजूच्या माणसाची जागा घ्यायची आणि वेगळे काही करून पाहायचे. जुलूम करणाऱ्याची जागा घेऊन त्याला एकाएकी सज्जन करता येत नाही, हा नियम सूत्रधार कडकपणे पाळतो.

गोष्ट मंगल नावाच्या बाईची आहे. मंगल आणि तिचा नवरा मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी एक जोडी. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, त्यामुळे खाडा झाला की पैसे कापले जाणार. आठवा महिना सुरू असताना तिचे डोके दुखू लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आशाताई तिला रात्री ग्रामीण रुग्णालयात घेऊन जाते. टेबलावर सिस्टर नाव विचारते, आडनाव विचारते, गाव विचारते आणि मग विचारते, “वस्ती कोणती?” पहिल्या दिवशीच्या प्रयोगात आशाताईचे उत्तर होते, “मांगवाडा.” सिस्टर काही बोलत नाही, रागावत नाही, हातातला केसपेपर गठ्ठ्याच्या वर ठेवता ठेवता तो खाली सरकवते. एवढेच. मंगल बाकावर बसते, तिच्यानंतर आलेल्या दोघी आत जातात, आणि ती बाकावरच झटक्यांनी कोसळते.

आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणांत आम्ही तीन उशीर शिकवतो: घरात निर्णय घ्यायला झालेला उशीर, दवाखाना गाठायला झालेला उशीर आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन यांनी मांडलेली ही चौकट आता जगभर वापरली जाते. आमची भित्तिपत्रके आणि आमचे गावातले उपदेश बहुतांश पहिल्या उशिराविषयी असतात, म्हणजे सासू, नवरा आणि अज्ञान यांच्याविषयी. या नाटकात घरच्यांनी काहीही चुकवलेले नाही, आशाताईने वेळेत आणले आहे, रस्ता सापडला आहे. उरतो तो केवळ तिसरा उशीर, आणि तो आपल्या हातातला आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांनी हे पाहावे ते एवढ्यासाठीच.

पहिल्या दिवशी सर्वांत आधी आत गेलेल्या विद्यार्थिनीने नवऱ्याची जागा घेतली आणि ती सिस्टरवर ओरडली. अभिनेत्रीने शांतपणे दार लावून घेतले. दुसरीने हात जोडले. तिला “बसा, बोलावते” असे उत्तर मिळाले. मग एक अनुभवी आशाताई उठली, पदर खोचून बाकाजवळ गेली, आणि सिस्टरकडे न पाहता सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बीपी एकशे साठ, एकशे दहा. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी आहे. आत्ता दहा वाजून वीस मिनिटं झाली. सिस्टर, आल्याची वेळ पेपरवर लिहा.” आकडा आणि वेळ दोन्ही उघड्यावर आल्यानंतर सिस्टरचे काम करणाऱ्या अभिनेत्रीला केसपेपर पुन्हा वर काढावा लागला, तिने तो खरोखरच नाइलाजाने काढला, आणि म्हणून ते पटले. एवढ्या बीपीला आणि अशा लक्षणांना मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस लगेच द्यायचा असतो, हे आमच्या सर्व विद्यार्थिनींना पाठ आहे. आपल्याला येत असलेले ज्ञान आणि बाकावर बसलेली बाई यांच्यामध्ये कागदाचा एक गठ्ठा असू शकतो, हे त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिले.

प्रयोगानंतरच्या सत्रात संचाने विद्यार्थिनींना आळीपाळीने त्या बाकावर बसवले. भोवतीच्या सर्वांनी पाठ करून आपापसांत बोलत राहायचे आणि बाकावरच्या मुलीने चार मिनिटे काहीही न बोलता बसायचे, एवढाच खेळ. एक विद्यार्थिनी उठल्यावर म्हणाली, “कोणी बघत नव्हतं, तरी मी तीनदा ओढणी सारखी केली.” माझ्या अठरा वर्षांच्या फळ्यावरच्या वाक्यातून एवढे कोणालाही कळलेले नव्हते.

पहिल्या दिवसाबद्दल माझा आक्षेप एकच, पण तो महत्त्वाचा आहे. नाटकातील सिस्टर मोबाइलवर बोलणारी, जांभया देणारी, पहिल्या क्षणापासून वाईट अशी रंगवली आहे. रात्रपाळीला एकटी सिस्टर तीन बायका सांभाळत असते, एक टेबलावर, एक कळा देणारी, एक रेफर करायची, आणि तशाही अवस्थेत ती कोणाचा पेपर खाली सरकवते आणि कोणाचा वर ठेवते, हा खरा प्रश्न आहे. थकलेल्या हाताने सरकवलेल्या कागदालासुद्धा जातीची दिशा असते. सिस्टरला आळशी दाखवले की कष्टाळू सिस्टर सुटका करून घेते: ‘मी तशी नाही.’ आमच्या दोन एएनएम सिस्टर शेवटी नेमके हेच बोलल्या आणि नाराज होऊन गेल्या. त्यांना गमावणे या नाटकाला परवडणारे नाही.

दुसऱ्या दिवशी गावात मला अधिक गंभीर गोष्ट आढळली. पटांगणात टोळीत जाणाऱ्या बायका होत्या, त्यांच्या सासवा होत्या, मुलेबाळे होती, ग्रामपंचायतीचे काही सदस्य खुर्च्यांवर होते. मुक्ता साळवेंचा निबंध वगळला होता. “वस्ती कोणती?” या प्रश्नावर आशाताईचे उत्तर आज बदलले होते: “गावाबाहेरची झोपडपट्टी.” गठ्ठा तसाच होता, कागद तसाच खाली सरकला, पण तो का सरकला, ते कारण नाटकातून काढून टाकलेले होते. प्रेक्षकांनी हळहळ व्यक्त केली, खुर्च्यांवरच्यांनीही केली. गरीब बाईविषयी हळहळायला कोणाची हरकत नसते.

दुसऱ्या फेरीला सूत्रधाराने कोणी आत येते का असे विचारले तेव्हा सतरंजीच्या कडेला, इतरांपासून हातभर अंतर राखून बसलेल्या एक आजी जागेवरूनच बोलल्या. त्या गावच्या जुन्या सुईण आहेत हे मला नंतर कळले. त्या म्हणाल्या, “आर्ध्या गावाची नाळ म्या कापली. हेच हात व्हते. लेकरू मोकळं करस्तोर हात चांगले, आन् न्हाणं झालं की मला पाणी वरून. मंग दवाखान्यात आमच्या लेकीला बाकड्यावर बसविलं, त्याचं काय नवल? मांगाची हाय म्हणून बसविलं.”

पटांगण एकदम शांत झाले. संचाने आदल्या दिवशी दोन तास ज्यासाठी खर्च केले होते, ते या बाईने पाच वाक्यांत आणून समोर ठेवले होते. नाळ कापण्याचे काम विटाळाचे म्हणून ते मांग-महार बायकांच्या वाट्याला आले, गावाने त्यांच्या हातून जन्म घेतला आणि त्याच हातांना घराबाहेर ठेवले, हा मराठवाड्यातील कितीतरी गावांचा इतिहास आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत असंख्य बाळंतपणे कृष्णवर्णीय सुइणींच्या हातून होत असत आणि पुढे परवाने, नियम आणि दवाखाने आले तसतशा त्या बाजूला सारल्या गेल्या. हा धागा पहिल्या भागाशी जोडायला आजींनी आयताच हातात दिला होता. आणि त्या क्षणी सूत्रधार म्हणाला, “आजी बरोबर सांगतात, गरीब बाईला सगळीकडं असंच वागवतात,” आणि त्याने हलगीवाल्याला खूण केली.

मला ते फार लागले. आजी पुन्हा बोलल्या नाहीत.

रात्री जेवताना मी हा विषय काढला. संचातील लोकांनी काही लपवले नाही. पूर्वी एका गावात जातीचे नाव घेतल्यावर काही माणसांनी प्रयोग बंद पाडला होता. संचात दोन तरुण मुली आहेत आणि रात्रीचा परतीचा प्रवास एका जीपमध्ये असतो. तेव्हापासून गावातील प्रयोगांत ‘गरीब’ हा शब्द येतो. त्यांची भीती खोटी नाही आणि घरात सुरक्षित बसून मी त्यांना धैर्याचे धडे देऊ इच्छित नाही. परंतु त्यांच्याच नाटकाचा पहिला भाग या शब्दाच्या विरोधात उभा आहे. सेरेना विल्यम्स गरीब नव्हत्या. आणि आपल्याकडे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, तपासण्या, जेवण आणि वाहन हे सारे मोफत आहे. तेव्हा मंगलच्या पदरात पैसे नव्हते हे तिचा कागद खाली जाण्याचे कारण होऊच शकत नाही. ‘गरीब’ म्हटल्याने प्रयोग शांततेत पार पडतो, पण मग तो वेगळ्याच रोगाचे औषध देतो.

आणखी एक चूक आयोजक म्हणून आमची आणि संच म्हणून त्यांची, दोघांची आहे. बाकावरचे झटके अतिशय खरे वाटतात. पटांगणात सहा-सात महिन्यांच्या गरोदर बायका बसल्या होत्या आणि त्यांना याची आधी कल्पना दिली नव्हती. त्यांच्यापैकी एक प्रवेश अर्धवट सोडून उठली आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. गावच्या आशाताई तिच्याजवळ जाऊन बसल्या, म्हणून निभावले. तिने विचारले, “मला बी आसं व्हईल का?” या प्रश्नाचे उत्तर द्यायला प्रयोगस्थळी एक माहीतगार सिस्टर बीपीच्या यंत्रासह हजर असायला हवी होती. पुढे बोलावणाऱ्यांनी ती व्यवस्था केल्याशिवाय हा प्रयोग गावात लावू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्नही शेवटच्या चर्चेत आला. २०१९ साली राज्याने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली होती. तो विषय या नाटकाच्या कक्षेबाहेरचा आहे आणि दहा मिनिटांत उरकण्यासारखा तर मुळीच नाही. संचाने त्यावर वेगळा प्रयोग उभा करावा.

ज्यांना हा प्रयोग बोलवायचा आहे त्यांच्यासाठी माझे मत असे की आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी तो अवश्य बोलवावा, पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि बाकाचा खेळ वगळू देऊ नये. गावातील प्रयोगापूर्वी आयोजकांनी सरपंच, मुकादम आणि वस्त्यांमधील बायका यांच्याशी स्वतः जाऊन बोलावे, संचाच्या परतीच्या प्रवासाची आणि सुरक्षिततेची जबाबदारी घ्यावी, आणि मगच मूळ संहिता आहे तशी करण्याचा आग्रह धरावा. आम्ही यांपैकी काही केले नव्हते. सगळा भार त्या सात जणांवर टाकून त्यांच्याकडून निर्भयपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे होते, हे मला त्या रात्रीच्या जेवणातच कळले.

प्रयोगानंतर आमच्या विद्यार्थिनींनी केसपेपरच्या कोपऱ्यात बाई आल्याची वेळ लिहायला सुरुवात केली. तीन महिन्यांनंतर आज पाच-सहा जणी नेमाने लिहितात, बाकीच्यांचे सुटले आहे. पाच-सहा का होईना, त्या रात्रपाळीला असल्या की मी गठ्ठा पाहते आणि तो वेळेनुसार लागलेला असतो.

फेब्रुवारीत नव्या एएनएम तुकडीसाठी संच पुन्हा आमच्याकडे येत आहे. सिस्टरचे पात्र नव्याने लिहिण्यासाठी आमच्या दोन्ही नाराज सिस्टर तालमीला बसायला तयार झाल्या आहेत. धारूरच्या त्या आजींनाही निरोप पाठवला आहे. टोळ्या कारखान्यावर गेल्या की गावात म्हातारी माणसे आणि लेकरेच उरतात, त्यामुळे नातवंडांना कोणाजवळ ठेवायचे एवढीच त्यांची अडचण होती. त्यांनाही गाडीत घेऊन या, असे आम्ही कळवले आहे. यावेळी त्यांच्यासाठी खुर्ची गोलाच्या आत, बाकाशेजारी मांडायची आहे, आणि त्या बोलत असताना हलगी वाजणार नाही असे सूत्रधाराने लिहून दिले आहे.